किनारा कोण निवडतो

निव्वळ हवापालटासाठी समुद्रकाठ निवडणारा, माझ्या वाचनातला पहिला मोठा माणूस म्हणजे दुसरा बाजीराव. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० सालच्या गॅझेटियरमध्ये गुहागरची नोंद आहे. १८१२च्या सुमारास पेशव्याने तिथे समुद्राजवळच्या उंचवट्यावर वाडा बांधला आणि उन्हाळ्यात तो तिथे येऊन राहू लागला. पुढे इंग्रजी अंमल आल्यावर वाडा उतरवून त्याचे सामान सरकारी इमारतींसाठी नेले. हा मुलूख बाजीरावाला नवा नव्हता. १८०२ साली हडपसरच्या लढाईत होळकरांनी पराभव केल्यावर तो महाडमार्गे सुवर्णदुर्गाकडे उतरला होता आणि तिथून समुद्रावाटे वसईला गेला होता. दहा वर्षांनी तोच माणूस त्याच किनाऱ्यावर विसाव्याला येऊ लागला. पालख्या, भोई, हुजरे, कोठीचे सामान हे सगळे पाठीशी असल्यामुळे तो आपल्या मनाने जागा निवडू शकला. त्याच्या काळात ही चैन दुसऱ्या कोणाला परवडणारी नव्हती.

मी रत्नागिरीत भूगोल शिकवला. मूळ गाव देवगड तालुक्यातले कुणकेश्वर, बालपण गिरगावातल्या चाळीत. दिवाळी आणि मे महिना जवळ आला की पुण्या-मुंबईचे भाचे-पुतणे फोन करतात, "आत्या, यंदा कुठला बीच करू?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. समुद्र पाहावासा वाटणे ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे उत्तर नीट द्यायला हवे. पण उत्तर द्यायला बसले की मागची दोनशे वर्षे डोळ्यांसमोर येतात. या दोनशे वर्षांत आपण किनारा स्वतः क्वचितच निवडला आहे. आधी तो वाऱ्याने आणि भरतीने निवडला, पुढे बोट कंपनीच्या वेळापत्रकाने, मग एसटीच्या रस्त्याने आणि शेवटी रेल्वेच्या स्टेशनाने. आज ज्या पुळणींचे, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांचे, फोटो पाहून लोक हरखतात, त्यांतल्या बहुतेक या वाहतुकीने बाजूला टाकलेल्या जागा आहेत.

आमच्या कुणकेश्वरला समुद्र अगदी देवळाच्या पायाशी आहे. तरीही माझी आजी कधी 'समुद्र बघायला' गेली नाही. पुळण ही कामाची जागा होती. तिथे होड्या ओढून ठेवलेल्या असत, जाळी वाळत पडलेली असत, मासळी सुकत असे. हंगामात रापणीचे मोठे जाळे लागले की सगळी वाडी दोराला हात लावायला जाई आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळे. स्मशानही बहुधा पुळणीच्याच एका टोकाला. जुनी घरे पाहा. समुद्र हाकेच्या अंतरावर असला, तरी घराचे तोंड पाखाडीकडे आणि पाठ समुद्राकडे. मध्ये माडा-पोफळींची वाडी आणि तिच्याही पलीकडे उंडी, केवडा, अलीकडे सुरू. खारा वारा घरात शिरू नये म्हणून केलेली ती व्यवस्था होती. घरातून समुद्र दिसावा म्हणून आज जे जास्त पैसे मोजतात, त्यांना ही रचना उलटी वाटेल. त्या घरांत राहणाऱ्यांना मात्र समुद्र दिवसभर ऐकू येत असे.

सगळा गाव सणासुदीचे कपडे घालून पुळणीवर उतरे तो तिथीला. कुणकेश्वराची जत्रा महाशिवरात्रीची. आसपासच्या गावांचे देव तरंग-पालख्यांसह येतात आणि अमावास्येच्या पहाटे समुद्रस्नान करतात. त्या पहाटे पाणी लांब गेलेले असते, पुळण रुंद झालेली असते, एवढ्या पालख्यांना आणि एवढ्या माणसांना उभे राहायला जागा मिळते. ही सोय बघून तिथी नेमली असे मी म्हणणार नाही, पण तिथी आणि पाणी यांचा मेळ त्या माणसांना पुरता ठाऊक होता. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा तर पाण्याच्या परवानगीनेच होते. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवर जायचे आणि समुद्राच्या कडेने वळसा घालायचा. ओहोटी असेल तरच ती वाट असते. किनाऱ्यावरच्या सहलीचे नियोजन म्हणतात ते आपल्याकडे या देवळांपाशी सुरू झाले.

आता या तिथीच्या हिशेबाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याची गरज आजही तितकीच आहे. माझे आजोबा अंगणात उभे राहून म्हणायचे, "आज दशम मां? म्हणजे साडेसाताक पाणी भरतला." त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते, छापील कोष्टक नव्हते. हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनला आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. भरतीपासून सहा-सव्वासहा तास पुढे मोजले की ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, भरतीही त्याच्याबरोबर तेवढी पुढे सरकते, आणि पाऊणपट म्हणजे दिवसाला पंचेचाळीस मिनिटे. शाळेत मी हे फळ्यावर मांडले की मुले घरी जाऊन पडताळून पाहत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वेळा सांगत. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे देवगड-मालवणला या वेळेच्या थोडे अलीकडे धरावे लागते. जुने खलाशी ती दुरुस्ती मनातल्या मनात करत.

यातून काय कळते ते पाहा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजेच संध्याकाळी सूर्य मावळताना पाणी सर्वांत लांब गेलेले. ओल्या, सपाट वाळूवर आकाश उतरलेले पाहायचे असेल तर हेच दिवस. अष्टमीच्या आसपास भांग असते, चढ-उतार कमी. पण सूर्यास्ताला भरती पुळणीवर चढलेली असते आणि उभे राहायला सुरूच्या बनाजवळची पट्टी तेवढी उरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात भर दुपारी पायी जायचे असेल तर एकादशी-द्वादशीकडे बघावे. अडीच-तीनला पाणी उतरते. मुंबई-अलिबागकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर चढते, मालवण-वेंगुर्ल्याला हा फरक बराच कमी. म्हणून उत्तरेच्या किनाऱ्यावर तिथी चुकली तर सगळा बेतच बदलतो. १९७३ साली 'कालनिर्णय' निघाले आणि तिथी घरोघरच्या भिंतीवर आली. ते काढणारे जयंत साळगावकर मूळचे मालवणचे. त्या भिंतीवरच्या कागदाचा किनाऱ्यासाठी उपयोग करणारी घरे मात्र कमी होत गेली, याची मला हळहळ वाटते.

वाऱ्याचेही असेच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. होडीने किल्ला पाहायला जाणाऱ्यांना सकाळची वेळ सांगतात ती याच अनुभवातून. सकाळी पाणी निवळ आणि शांत असते.

मग आगबोटी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी कोकणपट्टीवर नियमाने चालू लागल्या. स्वदेशीच्या काळात त्यांना टक्कर द्यायला सहकारी तत्त्वावर एक देशी कंपनी उभी राहिली. लोक तिला आपलेपणाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावे होती. उतारूंमध्ये बहुतेक मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत राबणारे चाकरमानी. भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा भाऊचा धक्का त्यांना घरच्या उंबऱ्याइतका परिचयाचा होता.

बोट कुठे लागायची? हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी. ही नावे नकाशावर ठेवून बघा. बोटीला खोल पाणी हवे आणि वाऱ्यापासून आडोसा हवा. म्हणून तिने खाड्यांची तोंडे निवडली, डोंगराच्या सोंडेमागचे कोपरे निवडले, जिथे आधीच किल्ले आणि बंदरे होती. उघडी, लांब, सरळ पुळण तिच्या कामाची नव्हती. तिथे लाट फुटते, बोट उभी राहत नाही, उतारू उतरवता येत नाहीत. गणपतीपुळे, आरे-वारे, वेळणेश्वर, काशीद, दिवेआगर, तारकर्ली, तांबळडेग ही नावे बोटीच्या वेळापत्रकात शोधूनही सापडणार नाहीत. बंदराच्या गावात पेठ वाढली, शाळा, कोर्ट, टपालकचेरी आली. पुळणीची गावे आडबाजूला राहिली आणि त्यांची वाळू, त्यांची सुरूबने, त्यांची कासवे तशीच राहिली. मालवण, मुरुड, वेंगुर्ले अशी बंदर आणि पुळण दोन्ही लाभलेली गावे थोडी.

माझ्या लहानपणी चौगुले कंपनीच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी चालत. घरातली मोठी माणसे 'रोहिणी' आणि 'चंपावती'च्या आठवणी काढत. मे महिन्याच्या सुट्टीचा बेत मार्चमध्ये एका पोस्टकार्डाने सुरू व्हायचा. वडील आजोबांना तारीख कळवत आणि आजोबा उलटटपाली तिथीवरून सांगत की त्या रात्री तारामुंबरीच्या खाडीत होडीला पाणी असेल की नाही. नसेल तर तारीख एक-दोन दिवस पुढे. तिकीट त्यानंतर. डेकवर जागा धरायला आई वळकटी आधी पुढे पाठवायची. ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि उलटी होऊ नये म्हणून लिंबू. दुपारनंतर खारा वारा सुटला की बोट डोलायला लागे आणि निम्मे डेक आडवे होई. रत्नागिरीचे दिवे दिसेपर्यंत आम्ही मुले झोपलेली असायचो. देवगड रात्री उशिरा येई. बोट आत धक्क्याला लागत नसे, पडाव तिच्या कडेला येऊन भिडत. लाटेबरोबर पडाव वर आला की तांडेल ओरडे आणि त्या क्षणाला आम्हाला हातोहात खाली सोडले जाई. अंधारात कोणाच्या हातात आपण जातो आहोत ते दिसत नसे, पण ते हात कधी सुटले नाहीत. किनाऱ्यावर आजोबा कंदील घेऊन उभे असत. तिथून खाडी ओलांडून, चालत चालत, पहाटे घर.

महिनाभर आम्ही समुद्राशेजारी राहायचो. ओहोटीला तिसऱ्या आणि कुर्ल्या शोधायला जायचो, तिन्हीसांजेच्या आत परत यायचो. एकदाही कोणी म्हणाले नाही की या गावाची पुळण बघायला बाहेरची माणसे येतील.

बोटीचा हंगाम मेअखेरीला संपायचा. पावसाळ्यात किनारा बंद, सप्टेंबरात पुन्हा सुरू. गणपती लवकर आले तर चाकरमान्यांना रेल्वेने कोल्हापूर गाठून घाट उतरावा लागे. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडेपर्यंत कोळी, खारवी, गाबीत होड्या पाण्यात घालत नसत. ही शिस्त का होती, ते १७ जुलै १९४७ ने दाखवून दिले. आषाढी अमावास्येचा सण घरी करायला निघालेल्या माणसांनी भरलेली 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जात होती. पल्ला जवळचा, म्हणून पावसातही ती फेरी चालू असे. वाटेत वादळी वाऱ्यात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वादळात गेल्या होत्या. गिरगाव, परळ, अलिबाग, रेवस या भागांत अजूनही घराण्याच्या हकिगतींत 'रामदास' येते. गेलेल्यांत कोणाचा आजा असतो, कोणाची आत्या. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते.

बोटींची प्रवासी वाहतूक १९९० येईपर्यंत थांबली. तोवर रस्त्याने तिची जागा घेतली होती. एसटी १९४८ साली सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत ती कोकणातल्या वाडी-वस्तीपर्यंत पोचली. रस्ता मात्र किनाऱ्याला समांतर गेला नाही. मुंबई-गोवा महामार्ग आतून जातो, आणि त्याला फुटलेले फाटे एकेका गावात जाऊन संपतात. दोन शेजारच्या पुळणींमध्ये खाडी असली की एकीकडून दुसरीकडे जायला पुन्हा महामार्गापर्यंत मागे जायचे. संध्याकाळी शेवटच्या थांब्यावर येऊन सकाळी परत फिरणारी वस्तीची गाडी हेच बाहेरच्या जगाशी नाते. या गाडीने कोण येत असे? कुलदैवताला येणारी कुटुंबे. गुहागरचा व्याडेश्वर, केळशीची महालक्ष्मी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, वेळणेश्वर, गणपतीपुळे. ही माणसे उपाध्यांकडे उतरत, त्यांच्याकडे जेवत आणि अभिषेक झाल्यावर संध्याकाळी मुलांना घेऊन पुळणीवर फिरत. कोकणातला आजचा घरगुती राहण्या-जेवणाचा धंदा मला या उपाध्यांच्या पडवीतून निघालेला दिसतो. पाहुण्याला घरात घेणे, त्याला चुलीवरचे वाढणे, त्याचे वेळापत्रक देवाच्या आणि पाण्याच्या वेळेशी जुळवून देणे हे त्यांनी आधी केले. हॉटेले फार नंतर आली.

त्याच वर्षांत शेजारच्या गोव्यात वेगळे घडत होते. १९६१च्या मुक्तीनंतर कळंगुट-हणजूणला परदेशी हिप्पी आले, १९८०च्या दशकात युरोपातून खास विमाने उतरू लागली आणि किनाऱ्यावर हॉटेलांची रांग उभी राहिली. आपल्याकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. गणपतीपुळ्याला, तारकर्लीला त्याचे निवास झाले. बाकी किनारा आडवाटेलाच होता. आणि १९९१च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची किनारा नियमनाची अधिसूचना आली. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामावर तिने बंधने घातली. पुढे तिच्यात बदल झाले, सवलती आल्या, वादही झाले. पण कोकणात पर्यटक मोठ्या संख्येने येण्याच्या आधी ही रेषा कायद्यात आली, हे आपले भाग्य मानते. आजोबा अंगणातून मोजायचे तीच भरती, आता कायद्याचे माप झाली.

मग सगळे एकदम घडले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी दिवेआगरच्या एका पोफळीच्या वाडीत सोन्याचा गणेश मुखवटा सापडला आणि नकाशावर कोणी शोधत नसे त्या गावात गाड्यांच्या रांगा लागल्या. २०१२ साली दरोडेखोरांनी तो मुखवटा लुटला, पण तोवर गावाने घरोघरी खोल्या बांधल्या होत्या आणि लोक आता पुळणीसाठी येत होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वेनेही किनारा टाळला, ती डोंगरातून बोगदे काढत आतून गेली. तिच्या स्टेशनांनी पुन्हा नवी निवड केली. कुडाळ-कणकवलीला उतरून तासाभरात गाठता येतो म्हणून मालवण-तारकर्लीचा किनारा वर आला. रत्नागिरी स्टेशनामुळे गणपतीपुळे जवळ आले. दापोलीसाठी खेड आणि गुहागरसाठी चिपळूण, दोन्ही दूर, म्हणून तिकडचे किनारे आणखी काही वर्षे निवांत राहिले. पुढे दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ अशा गाडी घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या, आणि खाड्या जोडल्या गेल्यावर गाडीने प्रथमच किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करता येऊ लागला. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी बोट निघाली. २०२१ साली चिपी विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली.

या सगळ्यांत वेळासची हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते. मंडणगड तालुक्यातले हे छोटे गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. आधी ही अंडी उकरून नेली जात. गावातल्याच तरुणांनी पहाटे गस्त घालून घरटी शोधायची, कुंपणात हलवायची, पिल्ले निघाली की पाण्यात सोडायची. ते पाहायला माणसे येऊ लागली आणि गावातल्या बायकांनी आपल्या घरात त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. वेळासला जायचे तर फेब्रुवारी ते एप्रिल, सकाळी किंवा संध्याकाळी, आणि पिल्ले निघतीलच याची हमी नाही. पाहुण्याने कासवाच्या सवडीने यायचे हे त्या गावाने ठरवले आणि निभावून नेले. नंतर आंजर्ले आणि इतर काही गावांनी तोच रस्ता धरला. बाजीरावानंतर माझ्या नजरेला आलेली ही किनाऱ्याची पहिली खरी डोळस निवड आहे, आणि ती गावाने केली.

आता निवड फोनवर होते. फोटोत पाणी निळे असते, पुळण रिकामी असते, वर्षाचा कोणता महिना आणि दिवसाची कोणती वेळ ते लिहिलेले नसते. माणसे शनिवार-रविवार पाहून निघतात. तिथी कोणी पाहत नाही. दर हंगामात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत नेलेली गाडी चढत्या भरतीत अडकते आणि गावकरी ट्रॅक्टर घेऊन धावतात. गाड्यांच्या चाकांखाली खेकड्यांची बिळे आणि कासवांची घरटी जातात, ते वेगळेच. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. मी आयुष्यभर मुलांच्या सहली काढल्या, त्यामुळे ती बातमी वाचून कित्येक रात्री झोप आली नाही. तेव्हापासून मी फोनवर जे सांगते ते इथे लिहून ठेवते.

आधी महिना ठरवा. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किनारा लांबून पाहा, पाण्यात उतरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. मे महिन्यात घाम येईल, पण आंबा, फणस आणि जांभूळ मिळेल. मग तिथी पाहा आणि पाऊणपट करून भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहा. छापील कोष्टकाशी ताडून घ्या. त्यानंतर गाव निवडा. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर पुळण सौम्य उताराची आणि वस्ती जवळ असलेली हवी. एकाच सुट्टीत पाच किनारे करू नका, एका गावात तीन रात्री राहा. हॉटेलपेक्षा घरात उतरा. त्या घरच्या बाईला पाहुण्यांच्या संख्येचा आदल्या दिवशी अंदाज द्या, कारण मासळी ती पहाटेच्या लिलावातून आणते. गाडी डांबरी रस्ता संपतो तिथे ठेवा. वाळू, शिंपले, केवडा जागच्या जागी राहू द्या.

आणि पाण्यात पाय घालण्याआधी पुळणीवर जाळे विणत बसलेल्या कोणत्याही खारव्याला, गाबिताला किंवा कोळ्याला विचारा, "दादा, इथे उतरलं तर चालेल का?" तो नाही म्हणाला तर उतरू नका. मुलांनाही हेच शिकवा.